हिवरदऱ्याचं दीड पान

हिवरदरा, मारेगावजवळ, ता. वणी
१२ जून १९६६

सिस्टर मारिया करुणा यांस,

जयभीम. हा शब्द तुझ्या मठात चालत नसेल तर तेवढी ओळ फाडून टाक आणि पुढं वाच. 'चि. प्रभास आशीर्वाद' असं लिहायला घेतलं होतं, पण तुझ्या पाकिटाच्या मागं पाठवणारीचं नाव सिस्टर मारिया करुणा असं आहे. प्रभावती नावाची माझी धाकटी बहीण होती. आठ वर्षं तिचं नाताळाचं कार्ड यायचं, गाईगोठ्याचं चित्र आणि खाली छापील आशीर्वाद. ते मी मायला वाचून दाखवायची. मायला वाचता येत नाही, म्हणून तिला ते खरे वाटायचे.

आता पत्र आलं. पत्र म्हणजे चार ओळी आणि सोबत छापील प्रश्नपत्रिका. तुमच्या पवित्र करुणा शुश्रूषा भगिनी संघाला शंभर वर्षं झाली, त्याचा इतिहास निघणार आहे, तो लिहायचं काम तुझ्याकडं आहे आणि त्यात हिवरदऱ्याच्या दवाखान्याला दीड पान मिळालं आहे. प्रश्न पहिला : भगिनी गावात प्रथम आल्या तेव्हा गावकऱ्यांच्या मनात कोणत्या भावना दाटून आल्या? प्रश्न चौथा : त्यांच्या सेवेतून आपणास देवाच्या कृपेचा अनुभव कसा आला? शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारी तू, आता मला प्रश्नपत्रिका पाठवतेस. शुद्ध भाषेत पाठवलीस म्हणून उत्तरही शुद्धच देते. आपली बोली तू लुगड्यासोबतच सोडून दिली असशील.

तर भावना. १९५६ चा डिसेंबर. बाबासाहेबांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि आपल्या वस्तीत लोक अजून हळू बोलत होते. दसऱ्याला बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, घरातले देव गाठोड्यात बांधून त्यानं नाल्यात सोडले होते. अशात वणीच्या मोटारीतून पांढऱ्या कपड्यातल्या तीन बाया उतरल्या. बाला वाटलं, दुखवट्याला आल्या. तो हात जोडून सामोरा गेला आणि डोळे पुसत उभा राहिला. त्यातल्या सर्वांत उंच बाईनं त्याला विचारलं, रॉकेल कुठं मिळेल. ही तुमची सिस्टर हिल्डेगार्ड, गावाची हिल्डाबाई. ही झाली पहिली भावना. लिहून घे.

तांड्याच्या नाईकानं, पूनमसिंगनं, कापसाची कोठी दिली. दोन महिने तिघी शिंकत होत्या. हिल्डाबाईचं मराठी पुस्तकातलं. गाडीवानाला म्हणायची, "आपण कृपा करून जीभ दाखवा." लोक जीभ दाखवायला जायचे ते तेवढं ऐकायला.

पहिल्याच आठवड्यात तिनं बाया जमवल्या आणि सांगितलं, सुईणीच्या नखांत मरण असतं. मंगळूरची सिस्टर फिलोमिना शेजारी उभी राहून ते सोपं करून सांगत होती. माय मागं उभी होती. तीस वर्षं या पाच गावांतली पोरं जिच्या हातावर आली ती माय. तिनं हात पदराखाली घेतले. तू तिच्या शेजारीच होतीस, विसरली नसशील.

मजा पुढंच आहे. ज्या बाईनं हे सांगितलं ती स्वतः बाळंतपणाला हात लावत नव्हती. तुमच्या संघाचा नियम! शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुठल्याशा गावी एका चांभाराच्या विधवेनं पटकीच्या रोग्यांसाठी संघ काढला आणि तिथल्या बिशपनं नियम लिहून दिले. ज्यांनी लग्न न करण्याची शपथ घेतली त्यांनी बाळंतीण पाहू नये. ताप पाहावा, गळू कापावं, मेलेल्याला धुवावं, पण जन्म होत असेल तिथून बाहेर यावं. आपला बा ऐकून म्हणाला, आपण तेहतीस कोटींचा विटाळ सोडला, आणि हा एक नवा विटाळ मोटारीनं आला.

आणि तू त्यांच्यातच गेलीस. १९५८ च्या फेब्रुवारीत मायला सांगितलंस, नर्सचं शिकायला नागपूरला चालले. पत्र आलं मंगळूरहून.

त्याच वर्षी डिसेंबरात हिल्डाबाई गेली. का गेली ते तुझ्या मदरला विचार, मला माहीत नाही.

सत्यभामा


३ जुलै १९६६

सिस्टर,

तू लगेच उत्तर दिलंस याचं नवल वाटलं. मठात शाई बरी मिळते म्हणायची.

तर तुमच्या कागदांत लिहिलं आहे, सिस्टर हिल्डेगार्ड प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे हिवरदऱ्याहून परत आल्या. हे वाचून मी हसले. माझा नवरा उकंडराव जेवत होता, त्यानं विचारलं काय झालं. मी सांगितलं, तोही हसला. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन कोठीच्या पायऱ्या चढणारी बाई! प्रकृती म्हणे. खोटंच लिहायचं तर निदान ते शोभेलसं लिहा.

खरं सांगते, कारण ते माझ्याच अंगावर घडलं. ऑगस्ट १९५८. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी होते. उकंडराव वणीच्या कापसाच्या जिनात कामाला होता. सकाळी कळा सुरू झाल्या, मायनं पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. दुपारपर्यंत पोराचा हात बाहेर आला. नुसता हात. बायका बाहेर कुजबुजायला लागल्या.

मायनं हिल्डाबाईला बोलावणं पाठवलं. जिनं तिच्या नखांत मरण दाखवलं, तिला. दुसरं कोण होतं?

हिल्डाबाई आली आणि दाराबाहेर उभी राहिली. कुडाचं दार, त्याच्या फटीतून मला तिचा पांढरा झगा दिसत होता. ती बाहेरून सांगत होती, हात ओढू नका, पाय शोधा, पाय. माय आतून सांगत होती, सापडत नाही, माझी बोटं जाड आहेत. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मध्येच बाहेरचा आवाज थांबला आणि मण्यांचा खळखळाट ऐकू आला. जपमाळ काढली होती तिनं. मी इथं मरून राह्यली आणि ती मणी मोजत होती.

मग माय उठली. रक्ताच्या हातांनी तिनं दार लोटलं आणि हिल्डाबाईला म्हणाली, "तुह्या देवाले सांग, थोडा येळ तिकडं तोंड कर म्हणा."

हे वाक्य फिलोमिनानं सोपं करून सांगितलं नाही. गरज पडली नाही. हिल्डाबाईनं बोटातली अंगठी काढली, तुम्हा सगळ्यांच्या बोटात असते ती, आणि मायच्या पदरात टाकली. कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, कारबोलिकच्या साबणानं. आणि आत आली. तिनं आत हात घालून पोर फिरवलं आणि पायांनी काढलं. माय माझ्या छातीवर वाकून मला धरून होती, तिचा श्वास मला अजून आठवतो. मुलगी निळी होती. हिल्डाबाईनं तिच्या तोंडात फुंकर घातली आणि ती रडली. ही माझी विशाखा. आता आठ वर्षांची होईल आणि तोंडाळ आहे.

मी हिल्डाबाईचे आभार मानले नाहीत. तुझ्या प्रश्न चारचं उत्तर हवं असेल तर हे आहे : मला कृपेचा अनुभव आला नाही, मला राग आला. एवढं येत होतं, तर ती तासभर दाराबाहेर का उभी होती?

त्यानंतर एक नवलच झालं. दर गुरुवारी माय कोठीवर जायला लागली. हिल्डाबाई तिला कापडाच्या बाहुलीवर दाखवायची, आडवं पोर कसं वळवायचं, आणि माय तिला दाखवायची, पोटावरून हात फिरवूनच पोर कसं पडलं आहे ते कसं ओळखायचं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. मला त्या वेळी वाटलं, आधी माझी बहीण नेली, आता मायही चालली.

डिसेंबरात नागपूरहून जीपगाडी आली. तुमची मदर आणि एक फादर. कुणीतरी त्यांना सांगितलं आणि हिल्डाबाईला नेलं. एवढं पुरे.

सत्यभामा


३१ जुलै १९६६

प्रभा,

तू विचारतेस, कुणी सांगितलं. दोन आठवडे तुझं पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग तुझ्या पत्रातली ती दुसरी ओळ पुन्हा पुन्हा आठवायला लागली, की काळाची पावले ओळखून संघाने १९६५ साली हिवरदऱ्यास प्रसूतिगृह सुरू केले, असं तुम्ही छापणार आहात. काळाची पावले! झेंडूच्या माळा लावल्या होत्या, कलेक्टर आला होता, फिलोमिनानं फीत धरली होती. दारातून आत जाताना तिचे पाय थरथरत होते ते मी पाहिलं. का थरथरत होते ते छापाल? मी सांगते.

पूनमसिंग नाईकाची सून लालीबाई तुला आठवत असेल. हिरासिंगची बायको. बाजारात ती हसली की आरशांची ओढणी हलायची आणि लोक वळून पाहायचे. ज्या कोठीत तुमचा दवाखाना उघडला ती तिच्याच सासऱ्याची.

१९५९ चा नोव्हेंबर. कापूस वेचणीला आला होता. दुपारी हिरासिंगची गाडी दवाखान्यासमोर थांबली, त्यात लालीबाई. आदल्या सकाळपासून कळा होत्या, पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. पोर आडवं. फिलोमिना म्हणाली, वणीला न्या. हिरासिंग म्हणाला, वणी गाडीनं चार तास, ही चार तास राहील का? फिलोमिनानं मायला बोलावणं पाठवलं. माय एकटीनं धरणार कुणाला, म्हणून मला घेऊन गेली.

ओसरीवर पडदा बांधला होता. आम्ही तिघी आत, फिलोमिना बाहेर. नियम. गरम पाणी, कापूस, औषधाची बाटली, सगळं ती पडद्याखालून सरकवत होती. फक्त तिची बोटं दिसायची. ती रडत होती आणि सरकवत होती. माझ्या मनात आलं, ही बाई देवाला घाबरते, आणि तो देव पडद्यापलीकडं पाहत नाही.

मायनं पुष्कळ प्रयत्न केला. जे शिकली होती तेवढं केलं, आणि ती अर्धंच शिकली होती, कारण शिकवणारीला नेलं होतं. मग लालीबाईच्या कळा एकदम थांबल्या. ती म्हणाली, आता बरं वाटतं. मायनं माझ्याकडं पाहिलं. कळा अशा थांबल्या की आत पिशवी फाटली, हे सुईणीला कळतं. ऊन ओसरीवरून उतरायच्या आत लालीबाई गेली. पोटातलं पोटातच.

माय बाहेर आली, हात धुतले, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता घरी चालत गेली. ती का बोलली नाही हे मला माहीत होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जीपगाडी आली त्या दिवशी मदर आणि फादर कोठीत खुर्च्यांवर बसले होते. हिल्डाबाई भिंतीशी स्टुलावर. दारात तांड्यातल्या आणि वस्तीतल्या बाया उभ्या. आधी मायला बोलावलं. फिलोमिनानं विचारलं, तुझ्या मुलीचं बाळंतपण कुणी केलं. माय ताठ उभी राहिली. म्हणाली, "मीनं केलं. पोरगी मह्या हातावर आली. सिस्तर भाहीर उभी होती, तिनं हात लावला नाही." तिला कुणी असं सांगायला सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं तिला गावासमोर घाण म्हटलं, तिच्यासाठी ती गावासमोर खोटं बोलली.

मग मला बोलावलं. विशाखा माझ्या कडेवर होती. मी म्हणाले, "माय खोटं बोलते. सिस्टर आत आली होती. तिनंच काढली."

फादरनं लिहून घेतलं. हिल्डाबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तिनं मायकडं पाहिलं. आठवड्याच्या आत ती मोटारीत बसून गेली, ट्रंक स्वतःच टपावर चढवून.

मला खरं बोलायचं नव्हतं, प्रभा. मला हिल्डाबाईला पाडायचं होतं. तिनं तुला नेलं, मायचे हात पदराखाली घालायला लावले, मला तासभर मरू दिलं आणि मग वाचवून माझ्यावर उपकार केला. खरं बोलणं तेवढं हाताशी होतं, ते मी उचललं. लालीबाई त्यामुळं मेली.

आता छाप. तब्येतीचं कारण खोडा आणि माझं नाव लिहा. सत्यभामा उकंडराव, चौथी पास, हिवरदरा, हिनं साक्ष दिली म्हणून सिस्टर हिल्डेगार्डला नेलं. तुमच्या शंभर वर्षांत एवढी तरी खरी ओळ येऊ द्या.

सत्यभामा


४ सप्टेंबर १९६६

प्रभा,

तुझं पत्र काल आलं. मी ते चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वाटलं, उठून यावं आणि तुमच्या त्या मठाच्या दारावर लाथ मारावी.

हिल्डाबाई जिवंत आहे, तुझ्याच मठात आहे, सहा वर्षं धुलाईघरात कपडे धुते आहे, तिला कमी ऐकू येतं, आणि हे तू मला आज सांगतेस. माझं पत्र तू तिला वाचून दाखवलंस. मोठ्यानं, तिला ऐकू यावं म्हणून. म्हणजे सगळ्या धुलाईघरानं ऐकलं. छान केलंस.

आणि ती काय म्हणाली? मी तुझेच शब्द पुन्हा लिहिते, म्हणजे मला खात्री होईल की मी नीट वाचलं. "बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः मदरला लिहून कळवले होते. चौकशी माझ्या पत्रावरून झाली. तिला सांगा, तिच्या साक्षीने काही बदलले नाही."

वा, हिल्डाबाई.

म्हणजे फादरनं ते लिहून घेतलं ते नुसतं रीत म्हणून. त्यांना आधीच माहीत होतं. आठ वर्षं मी या बाईची गुन्हेगार म्हणून जगले. दवाखान्यावरून जाताना मान खाली घातली. विशाखाला ताप आला तेव्हा फिलोमिनाकडं न्यायला लाज वाटली, पायी मारेगावला नेलं. आणि हिच्या लेखी मी त्या खोलीत नव्हतेच. माझी बहीण तुम्ही नेली, आता माझा गुन्हाही काढून घेतला. एवढं मोठं मन करायला तुम्हाला कुठं शिकवतात? मला तुमच्या क्षमेची किळस येते. तिनं मला शिवी दिली असती तर मी ती जपून ठेवली असती.

तू लिहितेस, आता मन हलकं कर. करते. तूही दीड पान हलकं कर आणि छापून टाक.

स.


२ ऑक्टोबर १९६६

प्रभा,

मागच्या पत्रातले काही शब्द परत घ्यावे असं वाटतं, पण घेत नाही, ते खरेच होते. आज दुसरं सांगायचं आहे. हे पत्र हिल्डाबाईला वाचून दाखवायचं असेल तर दाखव, फक्त धुलाईघरात नको.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते मायला वाचून दाखवलं नव्हतं. महिनाभर पदराला गाठ मारल्यासारखं घेऊन फिरत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. साक्षीनं काही बदललं नाही, म्हणजे लालीबाई माझ्यामुळं मेली नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पण मग माय आठ वर्षं माझ्याशी कामापुरतं का बोलते, हे कळेना. हिल्डाबाईसाठी रागावली असेल तर आता राग जायला हवा. शेवटी परवा दुपारी गेले. ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती. दृष्टी कमी झाली आहे, खडे बोटांनी शोधते. मी शेजारी बसून हिल्डाबाईचा निरोप वाचून दाखवला.

माय म्हणाली, "मले माहीत हाये."

मी म्हटलं, काय माहीत आहे? तर म्हणाली, तू बाळंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी हिल्डाबाई अंगठी न्यायला आली, तेव्हा तिनं मला कागद दाखवला. वाचता येत नव्हतं, पण तिनं हातानं खुणा करून सांगितलं, की मदरला लिहिते आहे, मी आत गेले म्हणून. मी तिला नको म्हटलं होतं. तिनं ऐकलं नाही.

मी विचारलं, मग तुला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, तरी तू खोटं का बोललीस?

मायनं सूप खाली ठेवलं. "तिनं आपल्या हातानं आपलं लेहलं, ते तिचं. म्हून मीनं बी तिच्यावर बोट दाखवाचं का? अन् तिनं मले एकडाव सगळ्यायसमोर घाण म्हटलं होतं. मले तिले दाखवाचं होतं, घाण हात कसे असतात."

मी म्हटलं, म्हणजे माझ्या बोलण्यानं काही झालंच नाही. हे मी विचारलं नाही, सांगितलं. तिनं हो म्हणावं एवढीच माझी इच्छा होती.

माय म्हणाली, "तुले तिले पाडाचं होतं. पडली मी."

आणि मग तिनं सांगितलं, हळू, रागाविना, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. त्या दिवशी दारात ज्या बाया उभ्या होत्या त्यांत हंसाबाई होती, लालीबाईची सासू. तिनं ऐकलं, की सुईण फादरसमोर खोटं बोलली आणि तिच्या पोरीनंच ते उघडं पाडलं. त्यानंतर तांड्यातून मायला बोलावणं आलं नाही. आधी पहिल्या कळेला माणूस धावत यायचा. लालीबाईच्या वेळी हंसाबाई म्हणाली, जिले तिची पोरगीच खोटी म्हणते तिच्या हातात आमची सून द्याची नाही. एक दिवस आणि एक रात्र त्यांनी घरातच काढली, मग दवाखान्याची वाट धरली.

"पहिल्या कळेले गेली असती," माय म्हणाली, "तं पोर भाहेरूनच वळवलं असतं. ते मले येत होतं. सिस्तर नसती तरी चाललं असतं. पाणी गेल्यावर मंग कोनाच्यानं होत नाही."

एवढं बोलून तिनं सूप पुन्हा उचललं. मी तिच्या शेजारी बसून ज्वारी निवडायला लागले. तिनं मला जा म्हटलं नाही. 'बस' असंही म्हटलं नाही.

काल मी तांड्यावर गेले. हिरासिंगनं दुसरं लग्न केलं आहे, तो वावरात होता. हंसाबाई घराच्या ओट्यावर बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, की त्या दिवशी माय खोटं बोलली ती एका बाईला वाचवायला, आणि मी खरं बोलले ते एका बाईचं वाईट करायला, आणि मायच्या हातांत काही खोट नव्हती, कधीच नव्हती. हंसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं पाणी विचारलं नाही. मग म्हणाली, "सात वर्षानं सांगाले आली?" आणि आत गेली. मी थोडा वेळ उभी राहिले, ती बाहेर आली नाही.

हिल्डाबाईला सांग, तिचं म्हणणं बरोबर होतं आणि चूकही. तिच्याबाबतीत माझ्या साक्षीनं काही बदललं नाही. ती शपथ मोडून आत आली आणि स्वतःच्या हातानं शिक्षा लिहून घेतली. मी तिला सात जन्म शिव्या दिल्या तरी एवढं माझ्याच्यानं झालं नसतं, हे मी कबूल करते आणि पुन्हा कधी करणार नाही. पण खोलीत ती एकटी नव्हती. तुम्हा लोकांना नेहमी वाटतं की जे घडतं ते तुमच्या आणि तुमच्या देवाच्या मधेच घडतं.

आता तुमच्या पुस्तकाचं. हिल्डाबाईच्या नावापुढं तब्येत लिहा, हवापालट लिहा, तुमच्या मदरला जे झेपेल ते लिहा, ते तिचं ती पाहील. माझं नाव घाला म्हणून मागं लिहिलं होतं ते खोडते. माझं नाव छापून मला मोठं करू नका. काळाची पावले ज्या ओळीत आहेत ती ओळ मात्र काढा आणि तिथं असं लिहा : नोव्हेंबर १९५९ मध्ये लालीबाई हिरासिंग, वय अंदाजे बावीस, ही दवाखान्याच्या ओसरीवर पडद्याआड बाळंतपणात वारली, सिस्टर पडद्याबाहेर उभ्या होत्या, आणि त्यानंतर पाच वर्षांनी नियम बदलला. यातला एक शब्दही खोटा नाही. फिलोमिनाला विचार, ती सही करेल.

मदर म्हणेल, हा संघाचा इतिहास आहे, तांड्यातल्या बाईचा नाही. तेव्हा तू काय करतेस ते मला बघायचं आहे. तू माझी बहीण होतीस तेव्हा खोटं बोलून गेली होतीस. आता खरं बोलून दाखव.

आणि छापल्यावर कुणी विचारलं, की सुईण गावातच असताना लालीबाईला तिच्याकडं वेळेवर का नेलं नाही, तर त्यांना माझा पत्ता दे.

सत्यभामा